थरारपटाची पहिली दोन मिनिटं: प्रेक्षकाला काय सांगायचं, कधी सांगायचं

रात्रीची वेळ, सीमेवरचं गाव. दोन हात बॉम्बच्या घड्याळावर वेळ लावतात. बॉम्ब एका गाडीच्या डिकीत जातो, ठेवणारा पळून जातो आणि एक जोडपं हसत-खिदळत येऊन गाडीत बसतं. कॅमेरा उचलला जातो, घरांच्या छपरांवरून जातो, पुन्हा रस्त्यावर उतरतो. गाडी मधेच शेळ्यांपाशी अडते, मधेच पायी चाललेल्या दुसऱ्या एका जोडप्याच्या शेजारी येते, पुढे जाते, पुन्हा मागे राहते. सगळं मिळून सुमारे तीन मिनिटं वीस सेकंद आणि एकही कट नाही. अमेरिकी दिग्दर्शक ऑर्सन वेल्सच्या १९५८ सालच्या 'टच ऑफ ईव्हिल'ची ही सुरुवात. शिकवताना या शॉटच्या लांबीचं आणि क्रेनचं कौतुक पुष्कळ होतं. मला त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वेगळी वाटते. डिकीत काय आहे हे पडद्यावरच्या कुणालाच माहीत नाही, आपल्याला माहीत आहे. म्हणून रस्त्यावरून चालणारा साधा माणूससुद्धा आपला जीव टांगणीला लावतो.

थरारपटाची सुरुवात बांधताना मी हीच किल्ली हातात धरतो. कॅमेरा कुठे ठेवायचा, उजेड किती, आवाज कधी, कट कुठे, या सगळ्यांचं काम एकच आहे: कुणाला किती माहीत आहे हे ठरवणं. हे पक्कं ठरलं असेल तर फोनवर शूट केलेली दोन मिनिटंही माणसाला खुर्चीत धरून ठेवतात. ठरलं नसेल तर महागडा कॅमेरा आणूनही नुसता अंधार आणि ढणढणाट उरतो.

खालची सगळी चर्चा मी एकाच उदाहरणावर करणार आहे, म्हणजे प्रत्येक निर्णयाचा पुढच्या निर्णयावर काय परिणाम होतो ते दिसेल. उदाहरण मुद्दाम स्वस्त निवडलं आहे: तालुक्याचं गाव, तहसील कचेरीसमोरचं झेरॉक्सचं दुकान, रात्रीचे साडेआठ, दुकानात एकटी मेघा.

आधी कथा चार ओळींत

मेघा दुकान बंद करायच्या बेतात आहे. एक माणूस एका कागदाच्या दोन झेरॉक्स मागतो. ती मशीन चालवता चालवता फोन खांद्याला लावून पार्सलवाल्याला घराचा पत्ता सांगते: "दादा, 'श्रमसाफल्य', पाण्याच्या टाकीमागे. वरच्या मजल्यावर आणून द्या, आईला जिना उतरवत नाही." माणूस कॉप्या घेऊन, सुट्टे न घेता निघून जातो. मेघा शटर आतून अर्धं ओढते, मशीनची काच पुसायला झाकण उचलते, तर ओरिजिनल काचेवरच राहिलेलं. ते तिच्याच घराचं लाइट बिल आहे. आणि अर्ध्या शटरखालच्या फटीत पावलं येऊन थांबतात.

एवढंच. खून नाही, पाठलाग नाही, रक्त नाही. झेरॉक्सच्या दुकानात ओरिजिनल विसरणं ही रोजची गोष्ट आहे, म्हणूनच ती निवडली. भीती अनोळखी जागेतून आणावी लागते असं नाही. ओळखीच्या जागेत एकच वस्तू चुकीची सापडली की पुरतं.

पहिली पायरी: माहितीचा तक्ता

स्क्रिप्ट लिहिण्याआधी एका कागदावर तीन उभे रकाने आखा. पहिला प्रेक्षकाचा, दुसरा मुख्य पात्राचा, तिसरा धोक्याचा, म्हणजे आपल्या कथेत त्या माणसाचा. आडव्या ओळींत एकेक क्षण लिहा आणि त्या क्षणाला कुणाला काय माहीत आहे ते भरा.

आपल्या कथेत सुरुवातीला माणसाला सगळं माहीत आहे, मेघाला आणि प्रेक्षकाला काहीच नाही. फोनवर 'श्रमसाफल्य' हा शब्द उच्चारला जातो तेव्हा काउंटरवर नाणं वाजवणारं त्याचं बोट थांबतं. हे फक्त प्रेक्षकाला दिसतं. आता प्रेक्षक मेघाच्या अर्धं पाऊल पुढे आहे: काहीतरी बिनसलंय, काय ते कळत नाही. मग बिल सापडतं आणि काही सेकंद मेघा व प्रेक्षक बरोबरीला येतात. लगेच पावलं दिसतात, मेघाची पाठ आहे, प्रेक्षक पुन्हा पुढे.

हे पुढे-मागे होणं म्हणजेच उत्कंठा. थरारपटांचा दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक याने १९६२ साली फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला दिलेल्या प्रदीर्घ मुलाखतीत टेबलाखालच्या बॉम्बचा जो दाखला दिला, तो याच तक्त्यावर बसतो. बॉम्ब आहे हे आधी कुणालाच सांगितलं नाही तर स्फोटाच्या वेळी पंधरा सेकंदांचा धक्का मिळतो. प्रेक्षकाला आधी सांगितलं तर टेबलावरच्या फुटकळ गप्पाही पंधरा मिनिटं श्वास रोखून ऐकल्या जातात. पण माझं असं मत आहे की दोन मिनिटांच्या सुरुवातीत प्रेक्षकाला पूर्ण बॉम्ब दाखवू नये, त्याची वात दाखवावी. सगळंच कळलं तर पुढचे दोन तास कशासाठी बसायचं?

तक्ता भरताना लागोपाठ तीन-चार ओळींत काहीच बदल होत नसेल, तर तिथे तुमची सुरुवात थांबलेली आहे. तेवढा भाग कितीही देखणा असला तरी कापा.

प्रश्न एकच ठेवा

या उदाहरणाच्या पहिल्या मसुद्यात मेघा फोनवर "आई एकटीच आहे घरी" असं म्हणत होती. वाक्य चांगलं वाटलं होतं, कारण ते ऐकताच पोटात खड्डा पडतो. पण त्यामुळे काळजी दोन ठिकाणी फाटली. पावलं दुकानाशी आली तेव्हा अर्धं मन आईपाशी अडकलेलं होतं. वाक्य बदलून "आईला जिना उतरवत नाही" केलं. पत्ता राहिला, आई राहिली, धोका मात्र दुकानातच राहिला. आईची काळजी तिसऱ्या मिनिटाला वापरता येईल.

सुरुवातीच्या शेवटी प्रेक्षकाच्या मनात जो प्रश्न हवा तो एका वाक्यात लिहून भिंतीला चिकटवा. आपला प्रश्न: ह्या माणसाकडे मेघाच्या घराचं बिल कशाला? 'ती वाचेल का', 'तो कोण', 'गावात काय चाललंय' हे सगळे याच प्रश्नाला लटकतात.

आणि प्रश्न उभा केला की तो फेडावा लागतो, उशिरा का होईना. श्रीराम राघवन यांचा 'अंधाधुन' (२०१८) पुण्यात घडतो, पण सुरू होतो एका शेतात, एक ससा आणि त्याच्या मागे बंदूकवाला माणूस. मग कथा भलतीकडेच निघून जाते. तो ससा कशाला होता हे कळायला अगदी शेवटाजवळ यावं लागतं, आणि तेव्हा सुरुवात आठवून मागचं सगळं पुन्हा तपासावंसं वाटतं. इतका लांबचा उधार सगळ्यांना झेपत नाही. पहिल्याच फिल्मला पाच-दहा मिनिटांत फेडता येईल असा प्रश्न घ्या.

माणूस कामात गुंतलेला दाखवा

ज्याच्याबद्दल काही वाटत नाही त्याच्यासाठी धाकधूक होत नाही. पण दोन मिनिटांत पात्राची ओळख करून द्यायला वेळ कुठे? उपाय जुना आहे: त्याला काम करताना दाखवा. हिचकॉकच्या 'रिअर विंडो'च्या (१९५४) सुरुवातीला कॅमेरा चौक फिरून खोलीत येतो: घामेजलेला झोपलेला माणूस, प्लास्टरमधला पाय, मोडका कॅमेरा, भिंतीवर शर्यतीतल्या गाडीच्या अपघाताचा फोटो. एक शब्दही न बोलता कळतं की हा छायाचित्रकार आहे, धोका पत्करतो, त्यातच पाय मोडला आणि आता उकाड्यात घरी अडकलाय.

मेघासाठी मी तीन खुणा ठेवल्या. ती कागदांचा गठ्ठा काउंटरवर दोन बाजूंनी आपटून सरळ करते. पिन मारण्याआधी बोटाने कडा जुळवते. आणि सुट्टे न घेता निघालेल्या गिऱ्हाइकाला "काका, तुमचे सहा रुपये" अशी हाक मारते. नेटकी आहे, प्रामाणिक आहे. सहा रुपयांसाठी हाक मारणारी मुलगी आपली होते. शिवाय त्या हाकेला उत्तर येत नाही, हेही पुढे खुपतं.

जागेची रेकी

शूटिंगच्या दिवशी नाही, चार दिवस आधी, त्याच वेळेला जागेवर जा. रात्री साडेआठला तिथे काय ऐकू येतं? शेजारी डीजे आहे का? समोरच्या दुकानाची लाल पाटी लुकलुकते का? जमिनीवर बसून शटरच्या फटीतून बाहेर काय दिसतं ते फोनवर टिपून ठेवा. शटर वर-खाली करून त्याचा आवाज ऐका. गंजलेलं असेल तर उत्तम, पण मध्येच अडकणारं नको, दहा टेक घ्यायचे आहेत.

दुकानमालकाची लेखी संमती घ्या. रस्त्यावर कॅमेरा लावणार असाल तर स्थानिक पोलीस ठाण्याला आधी कळवा. खोटं हत्यार दिसणार असेल तर कळवल्याशिवाय दुकानाबाहेर आणूच नका. लाइट बिल स्वतः तयार करून छापा. खऱ्या बिलावर कुणाचा तरी ग्राहक क्रमांक आणि पत्ता असतो, आणि पडदा थांबवून वाचणारे प्रेक्षक असतात.

शॉट: कॅमेरा कुणाच्या बाजूने आहे

दोन मिनिटं म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमच्या (चित्रांच्या) हिशोबाने ३००० फ्रेम. त्या अशा वाटल्या आहेत.

काळा पडदा. मशीनचा आवाज आधी, चित्र नंतर. झेरॉक्सची उजेडाची पट्टी सरकते आणि मेघाचा चेहरा हनुवटीपासून कपाळापर्यंत उजळून पुन्हा विझतो. पट्टी दुसऱ्यांदा येते. बारा सेकंद. मग हात, गठ्ठा, पिना, आठ सेकंद.

तिसरा शॉट सगळ्यात कामाचा, पंचवीस सेकंद, न कापता. कॅमेरा माणसाच्या खांद्यामागे. त्याचा चेहरा नाही. कानाची पाळी, खांदा आणि काउंटरवर नाण्याने ठेका धरणारं बोट. पलीकडे मेघा फोनवर. फोकस मेघावर आहे आणि बोट पुढे, अंधूक. 'श्रमसाफल्य' ऐकताच ठेका थांबतो. इथे बोटाचा क्लोजअप घ्यायचा मोह होईल. घेऊ नका. क्लोजअप घेतला की दिग्दर्शकाने बोट दाखवून सांगितलं असं होतं. अंधूक बोट थांबलेलं ज्याला दिसेल त्याला ते स्वतः शोधल्यासारखं वाटेल. ज्याला दिसणार नाही त्याच्या कानाला ठेका तुटल्याचं कळेलच. प्रेक्षकाने स्वतः काढलेला संशय आपण सांगितलेल्या संशयापेक्षा कितीतरी पक्का असतो.

चौथा, सुट्टे आणि हाक, दहा सेकंद.

पाचवा रस्त्यापलीकडून. काळोखात दुकान उजेडाच्या खोक्यासारखं, आत मेघा लहानशी, शटर ओढताना. वीस सेकंद. आतापर्यंत कॅमेरा दुकानात होता. तो बाहेर गेला की प्रेक्षकाच्या मनात आपोआप येतं, कोण बघतंय? त्यासाठी दोन गोष्टी कराव्या लागतात. उंची उभ्या माणसाच्या डोळ्यांची ठेवा, आणि फ्रेमच्या कडेला जवळची एखादी वस्तू, उभ्या मोटारसायकलचा हँडल किंवा झाडाचं खोड, अंधूक येऊ द्या. ट्रायपॉडऐवजी कॅमेरा हातात, कोपर छातीला टेकवून. श्वासाइतकंच हलायला हवं. जास्त हललं की ते युद्धाचं बातमीपत्र होतं. फोनवर शूट करत असाल तर रात्री झूमची लेन्स टाळा. बहुतेक फोनमध्ये तिचा सेन्सर लहान असतो, अंधारात दाणे दिसतात. मुख्य लेन्स ठेवा आणि रस्ता थोडा कमी ओलांडा.

सहावा, काच पुसणं. कागद उलटा ठेवलेला असतो, त्यामुळे तिला आधी कोरी पाठ दिसते. बारा सेकंद. सातवा, कागद उलटतो, नाव नाही, पत्ता: 'श्रमसाफल्य'. आठ सेकंद. अक्षरं पडद्यावर दोनदा वाचून होतील इतका वेळ द्या, आणि बिलावरची बाकी सगळी छपाई फिकट ठेवा म्हणजे डोळा भटकत नाही.

आठव्यासाठी कॅमेरा जमिनीवर. तांदळाची अर्धी भरलेली पिशवी फरशीवर टाका, तिच्यावर कॅमेरा बसवा. पुढे मेघाच्या टाचा, मागे शटरखालची फट. ती पाठमोरी, बिल वाचते आहे. पावलं डावीकडून येतात, मधोमध थांबतात, बोटं दुकानाकडे वळतात. वीस सेकंद. शेवटी शटरच्या खालच्या पट्टीवर चार बोटं. पाच सेकंद आणि काळा पडदा.

दिशेबद्दल एकच सांगतो. काउंटरच्या अल्याड-पल्याड उभ्या मेघाला आणि माणसाला जोडणारी कल्पित रेषा मनात धरा. पाचव्या शॉटपर्यंत कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे मेघा उजवीकडे बघते, माणूस डावीकडे, डोक्यात जागेचा नकाशा बसतो. बिल सापडल्यावर एकदाच, जाणूनबुजून, रेषा ओलांडा. का ते कळणार नाही, पण जागा अचानक परकी वाटेल. सुरुवातीपासूनच कुठूनही शूट केलं असेल तर हा परिणाम मिळत नाही. मोडायला आधी काहीतरी घडी बसलेली लागते.

उजेड

थरारपट म्हणजे अंधार, हा समज काढून टाका. अंधारात काहीच दिसत नसेल तर भीती वाटत नाही, कंटाळा येतो. आपल्याला हवा आहे तो उजेड आणि अंधार यांतला फरक. दुकान भरपूर उजळा, ट्यूबलाइटचा सपाट, कोरडा उजेड. रस्ता काळा. म्हणजे शटर अर्धं आलं की सगळं नाट्य त्या एका फटीत गोळा होतं.

झेरॉक्सच्या पट्टीचा उजेड चेहऱ्यावर यायला झाकण उघडं हवं. जाड पुस्तकाची झेरॉक्स काढताना ते उघडंच राहतं, त्यामुळे ते खोटं वाटणार नाही. पण नटीला पुन्हा पुन्हा खऱ्या दिव्याकडे बघायला लावू नका. काउंटरखालून एलईडीची छोटी ट्यूब हाताने सरकवली तरी तोच परिणाम येतो, आणि वेग आपल्या ताब्यात राहतो. मागे उजेड कमी पडला तर पांढऱ्या थर्मोकोलचा तुकडा पुरतो.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. फोन ३० फ्रेमवर सोडला तर ट्यूबलाइटखाली पडद्यावर पट्टे सरकताना दिसू शकतात. २५ फ्रेम आणि कॅमेऱ्याचा शटर स्पीड १/५० सेकंद ठेवा. एक्स्पोजर (चित्र किती उजळ), फोकस आणि व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) हे तिन्ही लॉक करा. लॉक केलं नाही तर पहिल्याच शॉटमध्ये उजेडाची पट्टी येताच फोन घाबरून चित्र काळं करेल आणि मेघाचा चेहरा गमावून बसाल. काउंटरच्या काचेत कॅमेरावाला दिसतो. काळी चादर अंगाभोवती घ्या.

आवाज: इथे कंजूषपणा नको

माझ्या मते थरारपटाची सुरुवात अर्ध्याहून जास्त कानांवर चालते. जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ लँगने १९३१ साली 'एम' केला, त्याचा हा पहिला बोलपट. सुरुवातीला शाळेतून परतणारी एल्सी चेंडू खेळत येते, एक सावली तिच्याशी बोलते, आंधळ्या विक्रेत्याकडून तिला फुगा घेऊन दिला जातो. तिकडे आई ताट मांडून वाट बघते. मग आईची हाक, 'एल्सी', आणि त्या हाकेवर रिकामा जिना, रिकामा माळा, रिकामं ताट. गवतातून चेंडू घरंगळत येतो. फुगा तारांत अडकतो. खून दाखवलेलाच नाही. हाक चालू आहे आणि चित्रात माणूस नाही, एवढ्यावर शहारा येतो. पुढे त्याच आंधळ्या विक्रेत्याला खुनी कसा ओळखता येतो? त्याच्या शिट्टीवरून. सुरुवातीला कानात टाकलेली एक धून कथेच्या मध्यावर पुरावा ठरते.

मी तीच युक्ती चपलेला लावली. माणसाच्या उजव्या चपलेचा अंगठा तुटून पिनेने जोडलेला आहे, म्हणून चालताना एक पाऊल घासतं: चट, सर्र, चट, सर्र. तो जातो तेव्हा हा आवाज पहिल्यांदा येतो, मेघाच्या हाकेखाली, कुणाच्या लक्षात येणार नाही इतका. शटरबाहेर तो पुन्हा येतो तेव्हा पावलं दिसायच्या दोन सेकंद आधी कानाला कळलेलं असतं. चेहरा दाखवायची गरजच उरत नाही. हा आवाज लोकेशनवर नीट मिळत नाही. घरी, रात्री, पंखा बंद करून, फरशीवर थोडी माती टाकून चपलेने वेगळा रेकॉर्ड करा.

दुसरी गोष्ट शांततेची. नुसता आवाज बंद केला की शांतता होत नाही. प्रेक्षकाला वाटतं स्पीकर गेला. शांतता ऐकू यायला आधी सतत काहीतरी चालू असावं लागतं. पहिल्या सेकंदापासून मशीनच्या आतल्या पंख्याची घरघर ठेवा. सातव्या शॉटमध्ये, बिल वाचताना, मशीन आपोआप झोपी जातं आणि घरघर थांबते. इतका वेळ ती होती हे तेव्हाच जाणवतं. त्या पोकळीत चप्पल येते. यासाठी जागेवर सगळ्यांना गप्प बसवून मशीन चालू असतानाचा एक मिनिट आणि बंद असतानाचा एक मिनिट, असा नुसता खोलीचा आवाज रेकॉर्ड करून आणायला विसरू नका. एडिटला बसल्यावर हीच दोन मिनिटं सोन्याच्या भावाची वाटतात.

पार्श्वसंगीत शेवटी, आणि शक्यतो नकोच. 'टच ऑफ ईव्हिल'चाच इतिहास बघा. प्रदर्शित प्रतीत त्या लांब शॉटवर श्रेयनामावली आणि हेन्री मॅन्सिनीचं संगीत होतं. वेल्सने १९५७ साली स्टुडिओला ५८ पानी टिपण लिहून बदल सुचवले होते. त्याच्या आधारे संकलक वॉल्टर मर्चने १९९८ मध्ये चित्रपट नव्याने संकलित केला तेव्हा त्या शॉटवरची अक्षरं आणि ते संगीत दोन्ही काढलं. त्याजागी दारांतून, गाडीच्या रेडिओतून येणारी वेगवेगळी गाणी आली, जवळ येणारी, लांब जाणारी. गाडीतला रेडिओ ऐकू आला की बॉम्ब जवळ आला. कानच अंतर मोजू लागतात.

तरी संगीत घेतलंच, तर ते आधी फोनच्या स्पीकरवर ऐका. खोल घुमणारा खर्ज हेडफोनवर छातीत जाणवतो, पण फोनच्या इवल्या स्पीकरला तो वाजवताच येत नाही. तुमची फिल्म बहुतेक लोक फोनवरच बघणार आहेत.

एडिट: घाईच्या जागी थांबा

पहिली जोडणी संगीताशिवाय करा. मग आवाज बंद करून बघा, मग चित्र झाकून नुसतं ऐका. दोन्ही वेळा गोष्ट कळायला हवी.

नवखा संकलक भीतीच्या जागी भराभर कापतो. उलट करा. हात आणि गठ्ठ्याचा निवांत शॉट आपण आठच सेकंद ठेवला. पावलं दाराशी येतात तिथे मात्र शॉट लांबतो. आठवा शॉट वीस सेकंद धरून ठेवण्याचं कारण हेच, की कट म्हणजे सुटका असते. नवी फ्रेम आली की प्रेक्षक श्वास सोडतो. त्याला सोडू नका.

क्रमाचाही मी खूप विचार केला. पावलं आधी आणि बिल नंतर असा क्रम लावून पाहिला. तेव्हा बघणाऱ्यांना वाटलं चोर आला, गल्ला लुटणार. बिल आधी ठेवल्यावर त्याच पावलांचा अर्थ बदलला: गल्ल्यासाठी नाही, तिच्यासाठी आलाय. शॉट तेच, एकही नवीन घेतला नाही.

कट करताना आवाज आणि चित्र एकाच जागी कापू नका. चपलेचा आवाज सातव्या शॉटच्या शेवटावर चढवा, चित्र अजून बिलावर असतानाच.

नावं कुठे टाकायची

पहिल्या काळ्या पडद्यावर दोन नावं, पाचव्या शॉटच्या काळोखात तीन. बिल आणि पावलांवर एकही अक्षर नाही, कारण डोळा आधी अक्षर वाचतो, मग चित्र बघतो. देवनागरी बारीक फॉन्टमध्ये टाकली तर लहान पडद्यावर मात्रा आणि अनुस्वार उडून जातात. थोडा जाड, मोकळ्या अंतराचा फॉन्ट घ्या. चित्रपटाचं नाव शेवटच्या काळ्या पडद्यावर, चार बोटं दिसून गेल्यावर पूर्ण दोन सेकंद काहीच न करता, मग.

काय टाळाल

दचकून जागा होणारा नायक आणि 'ते स्वप्न होतं'. गावावरून फिरणारा ड्रोन. आरशात मागे उभी आकृती. आणि मोठा खून दाखवून 'तीन महिन्यांपूर्वी' अशी पाटी. ही शेवटची युक्ती मला सगळ्यात जास्त खटकते, कारण तिथे दिग्दर्शक स्वतःच कबूल करतो की माझ्या पहिल्या दिवसाच्या गोष्टीत दम नाही, म्हणून शेवटाकडून उसनं आणलं.

दाखवून बघा

कथा माहीत नसलेली पाच माणसं शोधा. त्यात एक तरी सिनेमावेडा नसलेला हवा. घरातली आजी असेल तर फारच छान. दोन मिनिटं दाखवा, काळ्या पडद्यावर थांबवा आणि 'आवडलं का' असं विचारू नका. प्रत्येकाला एका चिठ्ठीवर एक वाक्य लिहायला सांगा: आता काय होईल याची तुम्हाला भीती वाटते? एकमेकांचं बघून न लिहिता.

पाच चिठ्ठ्यांत पाच वेगळ्याच माणसांची काळजी आली तर तुमचा प्रश्न विस्कटला आहे. तक्त्याकडे परत जा. मेघाचीच काळजी सगळीकडे असेल आणि पुढे काय होणार याचे अंदाज वेगवेगळे असतील, तर नेमकं हवं तेच झालं. बिलावरचा पत्ता आणि फोनवरचा पत्ता एकच आहे हे कुणाच्या लक्षातच आलं नसेल, तर फोनवरच्या वाक्यात 'श्रमसाफल्य' आणखी एकदा म्हणायला लावा, पार्सलवाल्याला पहिल्यांदा नीट ऐकू आलं नाही म्हणून: "श्रम-साफल्य. हो, साफल्य." तेवढी एक ओळ डबिंगमध्ये पाच मिनिटांत होते.